काळ काही राखत नाही

साठ-सत्तर वर्षांपूर्वी गेलेल्या गवयाचं गाणं आज पहिल्यांदा ऐकून जो भारावतो, त्याची आपल्याकडे थोडी थट्टाच होते. "आत्ता ऐकलंस होय?" असं विचारणारे एक काका प्रत्येक मैफलीच्या पहिल्या तीन रांगांत बसलेले असतात. त्यांनी सगळ्यांना समोर बसून ऐकलेलं असतं, निदान ज्यांनी ऐकलं त्यांच्या शेजारी तरी ते बसलेले असतात. उशिरा ऐकणाऱ्यालाही आपल्या उशिराचं एक गोड समाधान असतंच. काळाच्या कसोटीला जे उतरलं ते अस्सल, आणि तेच नेमकं मला सापडलं, अशी त्याची समजूत असते. या दोघांचं एरवी पटत नाही. पण जे टिकलं ते आपल्या गुणांवर टिकलं, याबद्दल दोघांनाही शंका नसते. मला ती आहे. काळाला गाण्यातलं काही कळत नाही. तो कुणाला निवडत नाही आणि कुणाला राखतही नाही. राखतात ती यंत्रं, कायदे आणि काही हट्टी माणसं, आणि या तिघांनाही आपापले लहरी नियम असतात.

नाशिककरांना याच्या दाखल्यासाठी गाव सोडावं लागत नाही. दत्तात्रेय विष्णु पलुस्कर, म्हणजे जाणत्यांचे बापूराव आणि बाकी सगळ्यांचे डी. व्ही., 28 मे 1921 रोजी नाशकात जन्मले आणि ऑक्टोबर 1955मध्ये मेंदूज्वराने गेले. वय होतं चौतीस. वडील विष्णु दिगंबर. 1901 साली लाहोरात गांधर्व महाविद्यालय काढून, राजाच्या आश्रयावाचून लोकांच्या पैशावर गाण्याची शाळा चालू शकते हे त्यांनी दाखवलं. पुढे मुंबईत विद्यालयाची मोठी इमारत उभी केली, कर्ज डोक्यावर बसलं, इमारत लिलावात गेली, आणि उतारवयात नाशकातला रामनाम आधाराश्रम हाच त्यांचा मुक्काम झाला. 1931 साली ते मिरजेत वारले तेव्हा मुलगा दहा वर्षांचा होता. विनायकराव पटवर्धन आणि नारायणराव व्यास या वडिलांच्या शिष्यांनी त्याला तयार केलं. चौदाव्या वर्षी तो जालंधरच्या हरिवल्लभ संमेलनात गायला, 1938मध्ये रेडिओवर आला, 1944मध्ये त्याची पहिली तबकडी निघाली. 1952च्या 'बैजू बावरा'त अमीर खाँसाहेबांबरोबरची जुगलबंदी झाली, आणि तीन वर्षांनी सगळं संपलं.

आता एक साधी गोष्ट पाहा. या दोघा पलुस्करांपैकी हिंदुस्थानी संगीताचा इतिहास कुणी बदलला, असं विचारलं तर उत्तर वादाचं नाही. वडिलांनी. पण त्यांचं गाणं आपल्याला वाचून ठाऊक आहे, कानाने नाही. मुलाचं गाणं मात्र अगदी काल रेकॉर्ड केल्यासारखं समोर उभं राहतं. नाशकातला वीस वर्षांचा मुलगा गंगाघाटावर बसून मोबाइलवर डी. व्हीं.चा श्री ऐकू शकतो, गौडसारंग ऐकू शकतो, तुळसीदासांचं रामाच्या बालरूपाचं ते भजन ऐकू शकतो. त्याच घाटावर ज्यांनी रामनामाचा घोष केला, त्यांचा आवाज कसा लागत होता हे त्याला कुणी सांगू शकत नाही. बाप थोर की मुलगा, हा यात प्रश्नच नाही. मुलगा माइकच्या काळात जन्मला, बाप जन्मला नाही, एवढाच फरक आहे.

हाच फरक इतरत्र पाहिला की मन खट्टू होतं. भास्करबुवा बखले (1869–1922) यांच्याबद्दल त्या काळच्या एकाही जाणकाराने हातचं राखून लिहिलेलं नाही. बालगंधर्व त्यांचे शिष्य, मास्तर कृष्णराव त्यांचे शिष्य, पुण्याचा भारत गायन समाज त्यांनी उभा केलेला. ध्वनिमुद्रण एकही नाही. भास्करबुवांना एका काळात ऐकणारे लोक होते, आणि आता ते कुणालाही, कितीही उशिरा, भेटणार नाहीत. अल्लादिया खाँसाहेबांचं तर आणखी विलक्षण. गौहर जान 1902 साली कलकत्त्यात इंग्रजांच्या कर्ण्यासमोर गायल्या, त्यानंतर खाँसाहेब चाळीसहून जास्त वर्षं हयात होते. म्हणजे यंत्र दाराशी होतं. तरी त्यांचं गाणं आपल्याला शिष्यांच्या गळ्यातून अंदाजाने ओळखावं लागतं. गोविंदराव टेंबे यांनी त्यांच्यावर लिहिलं ते उत्तम आहे, पण वाचलेल्या तानेचा सूर लागत नाही. "काळाच्या कसोटीवर टिकलेले" या यादीत ही दोन नावं गाण्यानिशी नसतील, तर त्या कसोटीची सोन्याशी ओळख आहे असं मी मानत नाही.

यंत्रालाही आवडनिवड होती. लाखेच्या दहा इंची तबकडीत सव्वातीन मिनिटांच्या आसपास गाणं मावायचं. विलंबित ख्यालाचा अस्थाईचा मुखडा मांडून समेवर येईपर्यंतच ज्याची चार मिनिटं जातात, त्याने तिथे काय करायचं? ज्याचं गाणं मुळात नेटकं, ज्याचा आवाज माइकला मानवणारा, ज्याचे शब्द स्वच्छ, त्याला तबकडीने जवळ केलं. डी. व्हीं.च्या गाण्यात हे तिन्ही होतं. तान आखूड पण दाणेदार, शब्द कळणारा, आणि रागाचा चेहरा पहिल्या वीस सेकंदांत ओळखता येणारा. ते थोर होते म्हणून टिकले हे खरंच. पण तितकेच थोर असून सव्वातीन मिनिटांत न मावणारे कितीतरी जण मागे राहिले, हेही खरं. डी. व्हीं.ची रेडिओवरची लांबलचक गाणी पुढे बाहेर आली नसती तर ते भजनवाले म्हणूनच शिल्लक राहिले असते. अजूनही पुष्कळांच्या लेखी ते तेवढेच आहेत. रामनवमी आली की घरोघर वाजतात आणि दशमीला थांबतात.

यंत्राच्या याच लहरीने एक चांगलं कामही केलं, आणि ते पलुस्करांच्या घराण्याच्या संदर्भात सांगण्यासारखं आहे. विष्णु दिगंबरांनी गाणं कोठ्यांतून, दरबारांतून बाहेर काढून मध्यमवर्गाच्या दिवाणखान्यात आणलं. त्यांच्यामुळे चांगल्या घरातल्या मुली पेटी घेऊन बसू लागल्या. हे ऋण मोठं आहे. पण या सोवळ्या इतिहासात जुन्या गाणाऱ्या बायकांची जागा आकसत गेली. उस्ताद लोक सुरुवातीला तबकडीला नाकं मुरडत होते. गौहर जान, अलाहाबादच्या जानकीबाई, आग्रेवाली जोहराबाई पुढे होऊन कर्ण्यात गायल्या. परिणाम असा झाला की पुस्तकांत ज्यांना अर्धा परिच्छेद मिळाला, त्यांचा आवाज आपल्याकडे आहे, आणि ज्यांच्यावर चरित्रं लिहिली गेली त्यांचा नाही. जोहराबाई 1913 साली गेल्या. त्यांची तान ऐकल्यावर बायकांचं गाणं म्हणजे नाजूक ठुमरी-दादरा ही समजूत एका मिनिटात गळून पडते. हे ऐकायला मिळालं ते आपल्या पिढीला. त्यांच्या शेजारच्या गल्लीत राहणाऱ्या सभ्य माणसाला त्या काळी ते ऐकायला चोरून जावं लागलं असतं. उशिरा ऐकणाऱ्याचा हा एक निखळ फायदा मी मानतो: त्याच्यावर त्या काळच्या अब्रूचं ओझं नसतं.

दुसरा राखणारा कायदा. आपल्या 1957च्या स्वामित्वहक्क कायद्यात ध्वनिमुद्रणावरचा हक्क आधी पन्नास वर्षांचा होता. 1992 साली, रवींद्रनाथांच्या साहित्यावरचे हक्क संपत आल्याचं निमित्त होऊन, तो साठ वर्षांचा झाला. मोजणी ध्वनिमुद्रण प्रसिद्ध झालं त्याच्या पुढच्या वर्षापासून. म्हणजे डी. व्हीं.च्या हयातीत निघालेल्या सगळ्या तबकड्या 2016 उजाडेपर्यंत मोकळ्या झाल्या. कुणीही त्या स्वच्छ करून इंटरनेटवर चढवाव्यात, कुणाची परवानगी लागत नाही. जुने गवई अलीकडे अचानक सगळीकडे का ऐकू येऊ लागले, याचं कारण लोकांची अभिरुची सुधारली असं सांगितलं जातं. सुधारली असेलही. पण लाखेच्या तबकड्यांचा जवळजवळ सगळा जमाना या वर्षांत हक्काबाहेर पडला, हे कारण मला जास्त पटतं. उलट त्यानंतरच्या, साठ-सत्तरच्या दशकांतल्या कितीतरी एलपी ना कंपनी पुन्हा काढते, ना दुसऱ्याला काढता येतात. 1950चा गवई सहज सापडतो आणि 1972चा सापडत नाही, असा उलटा न्याय आहे.

तिसरी ती हट्टी माणसं. मुंबईत 1990 साली 'सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्स' नावाची मंडळी एकत्र आली. भंगारात, फुटपाथवर, वाड्यांच्या माळ्यांवर पडलेल्या तबकड्या जमवणं, त्यांच्यावरचे क्रमांक उतरवून घेणं, कोण कधी गायलं याच्या याद्या लावणं, असली कामं कुठलंही विद्यापीठ करत नसताना त्यांनी केली. अशी माणसं प्रत्येक गावात एक-दोन असतात, नाशकातही आहेत. वाडे पडून त्यांच्या जागी अपार्टमेंट उभी राहिली तेव्हा पितळी भांडी वजनावर गेली आणि रेकॉर्डी फुकट गेल्या. बुधवारच्या बाजारात त्या गंजक्या कुलपांशेजारी मांडलेल्या असत. त्यातली एखादी उचलून, धुऊन, नवी सुई लावून कुणीतरी ऐकली म्हणून ती राहिली.

संग्राहकांमध्ये एक दुसरीही जात असते, तिचा उल्लेख टाळणं बरं नाही. यांच्याकडे सगळं असतं: अमुक मैफलीचं स्पूल, तमक्या बुवांचा घरगुती बैठकीतला मारवा, त्याच्याआधीच्या गप्पांसकट. मागितलं की ते गूढ हसतात. "आहे, पण ते असं द्यायचं नसतं." चार जणांना बोलावून, दिवे मंद करून, अडीच मिनिटं ऐकवतात आणि बंद करतात. या लोकांनी जितकं वाचवलं तितकंच बुडवलंही आहे. कारण टेपेला बुरशी लागते, मुलांना गाण्यात रस नसतो, आणि मग एका दुपारी तो सगळा मारवा रद्दीवाल्याच्या हातगाडीवर चढतो. त्या दुपारीही गाण्याच्या गुणाचा संबंध येत नाही.

इथे पहिल्या रांगेतल्या काकांचा आक्षेप ऐकून घ्यायला हवा, कारण तो पोकळ नाही. ते म्हणतात, गाणं म्हणजे बैठक. तबकडी म्हणजे गाण्याचा फोटो. समोरच्या जाणकाराने मान हलवली म्हणून गवई त्याच जागेवर पुन्हा आला, पाऊस सुरू झाला म्हणून मल्हार काढला, तबलजीने खोडी काढली म्हणून लय चढली, हे तुमच्या मोबाइलमध्ये कुठून येणार? खरं आहे, येत नाही. पण काकाही एक गोष्ट विसरतात. बैठकीला जाऊ शकणारे लोक फार थोडे होते. कुणाच्या दिवाणखान्यात कुणी बसायचं हे ठरलेलं असे, आणि तिथे जातीचं, पैशाचं, बाईमाणसाचं कुंपण असे. तबकडीने आणि रेडिओने ते कुंपण ओलांडलं. सिलोनवर रोज सकाळी साडेसातला जुनी गाणी लागत आणि आठच्या ठोक्याआधी सैगल येत. सैगल 1947मध्येच गेले होते, आणि त्यांना पडद्यावर कधी न पाहिलेली एक अख्खी पिढी त्यांच्या आवाजावर शाळेची तयारी करत होती. तिला कुणी विचारलं नाही, "आत्ता ऐकलंस होय?"

आणि तबकडीकडे फोटो म्हणून पाहणाऱ्यांना हेही आठवावं की आपल्या कित्येक गवयांची पहिली तालीम त्या फोटोंवरच झाली. कुमार गंधर्व लहानपणी थोरामोठ्यांच्या तबकड्यांची हुबेहूब नक्कल करून सभा जिंकत. भीमसेन जोशींनी अब्दुल करीम खाँसाहेबांची तबकडी ऐकली आणि असं गायला यायला हवं म्हणून घर सोडलं. सव्वातीन मिनिटांत जे नव्हतं ते त्यांनी आयुष्यभर शोधलं. फोटो पाहून कुणी घर सोडत नाही.

उशिरा ऐकण्यातली खरी अडचण वेगळीच आहे आणि तिच्याबद्दल फारसं बोललं जात नाही. आपण उलट्या क्रमाने ऐकतो. आधी भीमसेन, मग कधीतरी कुतूहल म्हणून सवाई गंधर्व. आधी राहुल देशपांडे, मग वसंतराव, मग कुणी सांगितलं तर दीनानाथ. शिष्याने गुरूचं जे घेतलं ते शिष्याच्या आवाजात, चांगल्या माइकवर, तासभर ऐकलेलं असतं. मग खरखरीच्या तबकडीत गुरू भेटतो आणि आपण मनातल्या मनात म्हणतो, हे तर ओळखीचंच आहे, थोडं फिकंच आहे. ज्याने वाट पाडली, त्याच्याच वाटेवर आता एवढी गर्दी असते की वाट त्याने पाडली हे दिसत नाही. डी. व्हीं.च्या भजनाचं हेच झालं. रागाची शिस्त न सोडता, शब्दाला न चिरडता, टाळ्यांसाठी तानेचा पाऊस न पाडता भजन गायचं, हा बाज आता इतक्या जणांनी उचलला आहे की मूळ भजन ऐकणाऱ्याला ते "नेहमीसारखं" वाटतं. अमेरिकेतला ब्लूज गायक रॉबर्ट जॉन्सन 1936 आणि 1937 साली मिळून एकोणतीस गाणी रेकॉर्ड करून सत्ताविसाव्या वर्षी गेला. 1961मध्ये त्यातल्या काहींची एलपी निघाली आणि एरिक क्लॅप्टनसारखे गोरे पोरगे तिच्यावर तुटून पडले. आज पुष्कळ लोक क्लॅप्टनकडून जॉन्सनकडे येतात आणि थोडे निराश होतात.

याला उपाय एकच आहे आणि तो कंटाळवाणा आहे: कान तयार करणं. आणि इथे वडील पलुस्कर पुन्हा गोष्टीत येतात. त्यांच्या निधनानंतर त्याच वर्षी शिष्यांनी गांधर्व महाविद्यालय मंडळ स्थापन केलं. मंडळाच्या परीक्षा, प्रारंभिकपासून विशारद-अलंकारपर्यंत, आज महाराष्ट्रातल्या प्रत्येक गावात होतात. नाशकात गंगापूर रोडपासून सिडकोपर्यंत कुठल्याही कॉलनीत संध्याकाळी फिरलं तर एखाद्या खिडकीतून भूपाचे पलटे ऐकू येतातच. या परीक्षांची टिंगल करायची फॅशन आहे. परीक्षेने गवई होत नाही, हे कबूल. पण परीक्षेने श्रोता होतो. भूप आणि देशकार यांत फरक आहे एवढं जरी डोक्यात राहिलं, तरी तीस वर्षांनी त्या मुलीला डी. व्हीं.ची तबकडी ऐकताना कुठे थांबायचं हे कळतं. वडिलांनी आपला आवाज मागे ठेवला नाही. मुलाचा आवाज ऐकणारे कान मागे ठेवले. टिकवण्याच्या या दोन वाटांपैकी पहिलीचं आपण एवढं कौतुक करतो की दुसरी चालू आहे हेच लक्षात येत नाही. युरोपात बाख 1750 साली वारला आणि 1829 साली वीस वर्षांच्या मेंडेलसोनने त्याचं 'सेंट मॅथ्यू पॅशन' बर्लिनमध्ये पुन्हा उभं केलं, तेव्हा त्याच्या हाती कागदावरची स्वरलिपी होती, शिवाय ती वाचून वाजवू शकणारे, गाऊ शकणारे शेकडो लोक होते. नुसत्या कागदाने बाख परतला नसता. विष्णु दिगंबरांनी आणि भातखंड्यांनी आपल्याकडे स्वरलिपी बसवायला जन्म घातले. तिच्यात बंदिशीचा सांगाडा राहिला, गायकी राहिली नाही. ती तबकडीत राहिली, आणि तबकडी ऐकणारा शाळेत तयार झाला.

अलीकडे सिनेमाने या धंद्यात पाऊल टाकलं आहे. 2011चा 'बालगंधर्व', 2015चा 'कट्यार काळजात घुसली', नंतर 'मी वसंतराव'. 'कट्यार' लागला तेव्हा शाळेच्या गॅदरिंगमध्ये पोरं नाट्यपदं गाऊ लागली, हे मी आनंदाने पाहिलं. पण सिनेमा हे दार असतं आणि पुष्कळ लोक दारातच उभे राहतात. 1967 साली रंगभूमीवर आलेलं नाटक, अभिषेकीबुवांच्या चाली, वसंतरावांनी उभे केलेले खाँसाहेब, इथपर्यंत जाणारे थोडे. गेले त्यांना मात्र एक चमत्कारिक गोष्ट कळली असेल. वसंतराव स्वतःच उशिरा सापडलेले कलावंत होते. निम्मं आयुष्य लष्कराच्या हिशेबखात्यात गेलं, आणि महाराष्ट्राने त्यांना डोक्यावर घेतलं तेव्हा ते पंचेचाळिशी ओलांडून गेले होते. मल्लिकार्जुन मन्सूरांचं तर साठीनंतर नाव झालं. 'ऐन उमेदीचा काळ' म्हणून आपण जे धरून चालतो ते बहुतेकदा गवयाच्या कामाचं वय नसतं, लोकांच्या लक्षात आल्याचं वय असतं. हयात माणूससुद्धा आपल्याला उशिराच ऐकू येतो.

नाव राहणं आणि आवाज राहणं यांतही आपण गल्लत करतो. पुण्यात 1953पासून सवाई गंधर्वांच्या नावाचा महोत्सव भरतो. तिथे हजारो माणसं थंडीत जाऊन बसतात. त्यांतल्या कितींनी सवाई गंधर्वांची एक तरी तबकडी ऐकली असेल? पंचवटीत इंद्रकुंडावर पं. पलुस्करांच्या नावाचं सभागृह आहे. नाव देणं चांगलंच. पण सभागृहाच्या नावाने कुणाला श्री राग ऐकू येत नाही. उलट केसरबाई केरकरांचं बघा. त्यांना ध्वनिमुद्रण आवडत नसे, रेडिओ तर नाहीच. त्यांची साडेतीन मिनिटांची भैरवी 1977च्या सप्टेंबरात व्हॉयेजर यानावर बसून सूर्यमालेबाहेर निघाली, आणि त्याच महिन्यात त्या गेल्या. ज्यांनी समोर बसलेल्या श्रोत्याची लायकी पाहून गाणं काढलं, त्यांचा आवाज आता कुणी ऐकेल की नाही याचा भरवसा नसलेल्या पोकळीत चालला आहे. ही निवड एका अमेरिकन संगीतअभ्यासकाच्या आवडीने झाली. तो दुसऱ्या कुणाचा चाहता असता तर दुसरं कुणी गेलं असतं.

आता सगळ्यात टोचरा आक्षेप. मेलेल्या गवयांचं हे कौतुक जिवंत गवयांच्या पोटावर पाय देतं का? देतं, असं मला वाटतं. डी. व्हीं.ना ऐकायला तिकीट लागत नाही, गाडी काढावी लागत नाही, ते आपल्या सोयीने सुरू आणि बंद होतात. त्याच संध्याकाळी नाशकात कुणी पस्तिशीची गायिका तीस माणसांसमोर पूरिया मांडत असते आणि त्यातले दहा आयोजकांचे नातेवाईक असतात. पिंपळपारावरची पाडवा पहाट गर्दीने फुलते, पण ती सणाची गर्दी असते. तेच कलाकार साध्या मंगळवारी बोलवा आणि खुर्च्या मोजा. जुनं सगळं सोनं असं एकदा ठरवलं की नव्याला कायम कसोटीवर घासत बसावं लागतं, आणि जुन्याला कधीच नाही, कारण त्याची कसोटी म्हणे काळाने आधीच घेतली. हा अन्याय त्या समजुतीतूनच येतो. काळाने कसोटी घेतलेली नाही हे एकदा मान्य केलं, की आज गाणारीला 1950च्या गाण्याशी नाही, तिच्या स्वतःच्या पूरियाशी तोलता येतं.

आणि तिला कोण राखणार आहे? हा प्रश्न पुढच्या पिढीवर सोडता येत नाही, कारण डी. व्हीं.च्या वेळची चूक आपण मोबाइल हातात घेऊन पुन्हा करतो आहोत. जुन्या तबकड्यांवर गाणाऱ्याचं नाव असे. तबला कुणी वाजवला, पेटीवर कोण होतं, हे बहुतेकदा नसे. ती माणसं आता कुणालाही सापडणार नाहीत. आज नाशकात होणाऱ्या प्रत्येक कार्यक्रमाचं ध्वनिमुद्रण होतं, चांगल्या यंत्रावर होतं, आणि साउंडवाल्याच्या हार्ड डिस्कवर 'प्रोग्राम फायनल 2' अशा नावाने पडून राहतं. तारीख नाही, राग नाही, साथीदार नाही. वर्षभराने जागा हवी म्हणून पुसलं जातं. कलाकार परवानगी देत नाहीत, अशी आयोजकांची तक्रार असते. ती खरी आहे आणि कलाकारांचीही बाजू खरी आहे, कारण चोरून चढवलेल्या व्हिडिओचा एक पैसाही त्यांना मिळत नाही.

पण यालाही कायद्यातच वाट आहे. गायकाचा आपल्या सादरीकरणावरचा हक्क पन्नास वर्षांचा असतो. नाशिकचं सार्वजनिक वाचनालय 1840 साली सुरू झालं. पुस्तकं ठेवण्याची सवय असलेल्या अशा एखाद्या संस्थेने आवाजासाठी एक कपाट काढावं. कार्यक्रम झाला की एक प्रत तिथे जमा करायची, मोहोरबंद. हक्क असेपर्यंत कलाकाराच्या लेखी परवानगीशिवाय कुणी ऐकायची नाही, संस्थेच्या अध्यक्षांच्या मेव्हण्यानेसुद्धा नाही. 2026च्या पाडव्याला गायलेला ललत मग 1 जानेवारी 2077 रोजी उघडता येईल. खर्च फार नाही: दोन ठिकाणी ठेवलेल्या डिस्क, दर पाच-सात वर्षांनी नव्या माध्यमावर उतरवून घेणारा एक माणूस, आणि पाकिटावर चिकटवायची एक पट्टी. पट्टीवर गाणाऱ्याचं नाव, राग, ताल, तारीख, जागा. खाली तबला, पेटी, आणि मागे तानपुऱ्यावर बसलेल्या दोन विद्यार्थिनींची नावं, पूर्ण, आडनावासकट.